पाण्यापर्यंतचा रस्ता

'सहल' हा शब्द आमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात नव्हता. प्रवास त्यांनी पुष्कळ केला. ते ऊसतोडीला गेले, खडी फोडायला गेले, बाजाराला, लग्नकार्याला, मौतीला आणि कोर्टाच्या तारखांना गेले. पुढे पौष पौर्णिमेला धम्म परिषदेसाठी दाभडच्या महाविहार बावरीनगरला गेले. ज्यांना जमले ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आले. या प्रत्येक प्रवासाला काही ना काही कारण होते. काहीच कारण नसताना घरातून निघावे, आपला मुलूख डोळे भरून पाहावा, एखाद्या तळ्याच्या काठी बसून शिदोरी सोडावी आणि दिवस मावळायच्या आत परत यावे, असे हिंडणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

आम्ही या विद्यालयाचे काही माजी विद्यार्थी आहोत. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने नांदेड, भोकर, किनवट, हिमायतनगर अशा ठिकाणी पांगलो आहोत. दिवाळीच्या आगेमागे सवड मिळाली की सायकली घेऊन इस्लापूरला जमतो आणि दोन-तीन दिवस भोवतालच्या डोंगरांतून, पैनगंगेच्या आणि तलावांच्या काठाने हिंडतो. या वाटांविषयी लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. स्मरणिकेत संस्थेच्या उभारणीचा इतिहास असणार, धम्मविचार असणार. त्यात सायकलफेऱ्यांचे वर्णन हलके वाटेल अशी शंका आली. परंतु विचार करता करता ध्यानात आले की, हा विषय आपल्या विद्यालयाच्या मूळ हेतूपासून दूरचा नाही. तो जवळचा कसा, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

आधी या भूमीविषयी थोडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना अमलात आली. त्या कायद्यात हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात यावयाच्या प्रदेशांची यादी आहे. तिच्यात आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील 'इस्लापूर सर्कल' असा वेगळा उल्लेख आहे. किनवट आणि राजुरा हे तालुकेही तेथेच येतात. म्हणजे एकाच शरद ऋतूत इथल्या माणसाचा धर्मही बदलला आणि राज्यही बदलले. सीमेवरच्या मुलखाची खूण आजही येथे कानांना जाणवते. एका दिवसाच्या फेरीत मराठी, तेलुगू, दखनी उर्दू, गोंडी, कोलामी आणि तांड्यावरची बंजारा बोली ऐकू येते. मोटारीची काच वर केलेली असली म्हणजे यांतली एकही भाषा आत येत नाही, सायकलवर मात्र चढाला वेग मंदावतो आणि कोणीतरी विचारतेच, "कुठून आलाव?"

मराठवाड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणताना लोक सहसा काळी सपाट रानेच पाहतात. किनवटकडचा हा कोपरा त्या चित्रात बसत नाही. सातमाळ्याच्या रांगेच्या टेकड्या, त्यांवरचे सागाचे रान, मध्ये मोह, टेंभुर्णी आणि पळस, उत्तरेला पैनगंगेचे वळणावळणाचे पात्र आणि दऱ्या अडवून बांधलेले तलाव, असा हा मुलूख आहे. नदीच्या पलीकडे विदर्भ सुरू होतो, दक्षिणेला डोंगर ओलांडले की तेलंगण. नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या पैनगंगा अभयारण्याचा काही भाग यवतमाळ जिल्ह्यात येतो, तर काही आपल्या नांदेड जिल्ह्यात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९३४ साली बाबासाहेबांच्या काही सहकाऱ्यांना त्यांच्यासमवेत सहलीला जावे अशी इच्छा झाली. ती खरोखरच सहल होती. सभा नव्हती, परिषद नव्हती. वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाची, हा तिचा मुख्य हेतू. जवळपास तीस माणसे होती. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपले इस्लापूरही त्याच राज्यात. दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळी पोहोचली, तेव्हा अंगावर प्रवासाची धूळ होती. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. कोणीतरी त्या पाण्याने तोंड धुतले, पाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटविल्याचा ओरडा झाला, माणसे जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही. ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो. दौलताबादचा प्रसंग त्या मानाने कमी सांगितला जातो. आम्हांला तो अधिक जवळचा वाटतो, कारण त्याचा आरंभ एका साध्या मानवी इच्छेतून झाला: सुंदर काही पाहावे, चार मित्रांबरोबर हिंडावे. पाणी पिण्याचा हक्क तर जगण्यासाठीच लागतो. परंतु पाण्याच्या काठी निवांत बसण्याचा, एखादे स्थळ केवळ आवडले म्हणून पाहण्याचा हक्क हा त्याच्या पुढचा आहे. तो कायद्याने मिळाला तरी अंगवळणी पडावा लागतो. आपल्या वस्त्यांमध्ये आजही अनेक घरे अशी आहेत की, ज्यांतील मुलांनी अवघ्या काही कोसांवरचे सहस्रकुंड पाहिलेले नाही. त्यांना कोणी अडविलेले नसते. 'तिथे आपले काय काम?' हा प्रश्नच त्यांची वाट अडवून धरतो.

कोणत्या दिवसांत निघावे, हे आपल्या परंपरेनेच सांगून ठेवले आहे. तथागत आयुष्याची पंचेचाळीस वर्षे चारिका करीत राहिले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खुसंघ एका जागी वर्षावास करी आणि आश्विन पौर्णिमेला प्रवारणा झाली की पुन्हा पायी निघे. सायकलवाल्याने हाच नियम पाळावा. आषाढ-श्रावणात रस्ते निसरडे असतात, ओढ्यांना अवचित पूर येतो आणि पुलावरून पाणी वाहत असते. आश्विन सरता सरता रस्ते कोरडे होतात, तलाव भरलेले असतात, धबधब्याला पाणी असते, सागाची पाने अजून हिरवी असतात आणि दुपार सोसवते. येथपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. फाल्गुनात पळस फुलतो, त्या दृश्याची भूल पडते. पण साग तोवर निष्पर्ण झालेला असतो आणि सावली उरत नाही. चैत्रानंतर पहाटेच्या दोन-तीन तासांपलीकडे सायकल चालवू नये.

पहिली वाट अगदी लहान, मुलांसाठी योग्य अशी: इस्लापूर ते सहस्रकुंड. जाणे-येणे मिळून एका सकाळचे काम. पैनगंगा येथे काळ्या कातळाच्या पायऱ्यांवरून असंख्य धारांनी खाली झेपावते, म्हणून हे नाव. काठावर महादेवाचे मंदिर आहे. एका काठावर उभे राहिले की मराठवाडा आणि समोरच्या काठावर विदर्भ. मध्ये पाण्याची एकच गर्जना. हा कातळ इतका काळा आणि इतका गुळगुळीत आहे की लोखंड ओतून थंड केल्यासारखा भासतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. इस्लापूर आणि इसापूर या दोन नावांची बाहेरचे लोक नेहमी गल्लत करतात. इसापूर हे पैनगंगेवरचे मोठे धरण, पुसद तालुक्यातील. ते वरच्या अंगाला. आपले इस्लापूर खालच्या अंगाला. नावांत एका अक्षराचा फरक असला तरी त्यांच्यातला संबंध जीवघेणा ठरू शकतो. इसापूर धरण भरले आणि दरवाजे उघडले की सहस्रकुंडाचे पाणी चढते. आपल्याकडे आकाश निरभ्र असते, पाऊस कोठे दूरवर पडलेला असतो आणि पात्रातील पाणी मात्र वाढू लागते. शिवाय कयाधूसारखी नदी धरणाच्या खाली येऊन मिळते, तिचे पाणी वेगळेच. ओल्या कातळावर छायाचित्रासाठी उतरलेली माणसे येथे प्राणांस मुकली आहेत. म्हणून आमच्या फेरीत एक नियम कडक आहे: धबधबा काठावरून पाहावयाचा, कातळावर पाऊल टाकावयाचे नाही, आणि निघण्यापूर्वी धरणातून पाणी सोडले आहे काय याची चौकशी करावयाची. पाण्यावर हक्क मिळविलेल्या माणसांनी पाण्याचे सामर्थ्यही जाणले पाहिजे.

दुसरी वाट दक्षिणेची, शिवणी आणि अप्पारावपेठच्या अंगाने. सायकलस्वाराची खरी परीक्षा या वाटेवर होते, कारण येथे चढ आणि उतार एकामागून एक येतात. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटर सहज जाणारी सायकल चढावर सहा-सातांवर येते. गिअरची सायकल असेल तर चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. चढाच्या मध्यावर, पायडलवर सारा भार असताना टाकला तर चेन उतरते. साधी काळी सायकल असेल तर उतरून ढकलत न्यावी, त्यात कमीपणा काही नाही. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून-धरून लावावेत. नुसता पुढचा ब्रेक आवळला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो आणि ब्रेक सतत आवळून धरला तर रिम तापते. आश्विन-कार्तिकात आणखी एक काळजी घ्यावी. शेतकरी सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घालतात. त्या दाण्यांवरून चाक वाळूवरून घसरावे तसे घसरते. तेथे उतरून बाजूने चालत जावे. त्यात आपली सुरक्षितता आहे आणि त्या दाण्यांमागच्या घामाचा मानही आहे.

तिसरी वाट पूर्वेची, बोधडीवरून किनवटकडे. रस्त्याच्या सोबतीला मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग असतो. पूर्वी तो मीटर गेजचा होता, आता ब्रॉड गेजचा आहे. त्यावरच्या एका स्थानकाचे नावही सहस्रकुंड आहे. ही वाट अर्ध्या दिवसाची समजावी. किनवट तालुक्यात नागझरी, लोणी, डोंगरगाव असे मध्यम प्रकल्प आहेत. त्यांचे जलाशय म्हणजे या मुलखातील आमची सर्वांत आवडती विश्रांतिस्थाने. टेकड्यांच्या मध्ये अडवलेले पाणी, काठावर पाणकावळे आणि बगळे, दुपारी पाण्यावर उतरलेले डोंगराचे प्रतिबिंब, आणि आपल्या डब्यातील ज्वारीची भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. या पाण्यावर कोणाचे शेत पिकते, कोणाची जमीन त्याखाली गेली, हे प्रश्न विद्यार्थ्यांना तेथे बसूनच विचारावेत. पैनगंगेवर खालच्या अंगाला होऊ घातलेल्या धरणाला दोन्ही काठांवरच्या गावांनी वर्षानुवर्षे विरोध केलेला आहे, हेही त्यांना सांगावे. वर्गात फळ्यावर लिहिलेला 'जलसिंचन' हा धडा आणि जलाशयाच्या काठावर समजलेला धडा यांत फरक पडतो.

चौथी वाट मोठ्यांसाठी: किनवटहून सारखणीमार्गे माहूर. सुमारे पन्नास किलोमीटरचा पल्ला आणि शेवटी माहूरचा घाट. माहूर रेणुकामातेचे आणि दत्तशिखराचे क्षेत्र म्हणून सर्वांस ठाऊक आहे. आम्ही तेथे किल्ला पाहतो, डोंगरात कोरलेली पांडवलेणी पाहतो आणि मातृतीर्थ तलावाच्या काठी बसतो. उंचावरून पाहिले असता पैनगंगा डोंगराला वळसा घालून जाताना दिसते. जी नदी सहस्रकुंडाला गर्जत होती, ती येथे शांत दिसते. दोन दिवस तिच्या सोबतीने आल्यामुळे नकाशातील निळी रेघ म्हणजे काय, ते तेव्हा कळते.

मोटारसायकल असताना सायकल कशासाठी, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर आम्ही सायकलच्या गतीने देतो. मोटारसायकलवरून सागाचे रान म्हणजे एक हिरवा पट्टा दिसतो. सायकलवरून साग वेगळा, मोह वेगळा दिसतो, पहाटे मोहाच्या फुलांचा वास येतो, कोणत्या वळणावर हवा गार होते ते अंगाला कळते. दुसरे असे की, सायकल हे गरिबाला पूर्णपणे समजणारे यंत्र आहे. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. बाभळीचा काटा घुसून झालेले पंक्चर ट्यूब पाण्यात बुडवून शोधावे, कानशीने घासावे, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवावे, हे दहा वर्षांचा मुलगाही शिकतो. आमच्यापैकी बहुतेकांनी तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारीत, तोल सावरायला शिकले. स्वतःच्या सायकली पुष्कळ पुढे आल्या. आजही फेरीला निघताना महागड्या गिअरच्या सायकली दोन-तीनच असतात, बाकी साध्या. पंप, पान्हा, ठिगळांची डबी, दोन पाण्याच्या बाटल्या आणि चिमूटभर मीठ-साखर, एवढे असले की पुरे.

आता मुलींविषयी लिहिले पाहिजे, कारण या विषयातील खरा प्रश्न तेथे आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सकाळी गणवेशातल्या मुलींची सायकलींची रांग रस्त्याने जाताना पाहिली की मन प्रसन्न होते. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना आढळले की, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधील या बाबतीतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेचा भाग म्हणूनच स्त्रियांना सायकल शिकविली गेली आणि हजारो ग्रामीण स्त्रिया, शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या बाया रस्त्यावर आल्या. अक्षर आणि चाक एकाच वर्गात शिकवले गेले, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते.

आपले विद्यालय निवासी आहे. त्याच्या संस्थापकांपुढेही अंतराचाच प्रश्न होता. दूरच्या तांड्यावरचे, पाड्यावरचे, वाडीवरचे मूल रोज शाळेत येऊ शकत नाही. तेव्हा त्याला शाळेतच ठेवून घ्यावे, दोन वेळचे जेवण द्यावे, अभ्यासाला दिवा द्यावा, असा मार्ग त्यांनी काढला. त्या मार्गाने आमच्यासारखे शेकडो जण शिकले. ते ऋण आम्ही आयुष्यभर मानू. परंतु वसतिगृहाने मिटविलेले अंतर दहावीनंतर पुन्हा समोर उभे राहते. महाविद्यालय किनवटला किंवा हिमायतनगरला, स्पर्धा परीक्षेचा वर्ग नांदेडला. तेव्हा ज्या मुलीने आवाराच्या फाटकाबाहेर एकटीने कधी पाऊल टाकलेले नसते, तिच्या पायांपुढे रस्ता अनोळखी होतो. गुण चांगले असूनही घरी बसलेल्या मुली आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या घरी विचारले तर फी, पुस्तके, लग्न अशी कारणे सांगितली जातात, पण बोलणे लांबले की शेवटी एकच वाक्य येते, "एवढ्या लांब एकटीनं कसं जायचं?" या वाक्याचे उत्तर शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेत मिळत नाही. ते आधीच, तेराव्या-चौदाव्या वर्षी, रस्त्यावर मिळालेले असावे लागते.

पालकांच्या मनातील भीती आम्ही समजतो. रस्त्यावर कापसाने भरलेले टेम्पो आहेत, ट्रक आहेत, भरधाव मोटारी आहेत. जंगलाचा भाग आहे. आणि लोक काय म्हणतील हेही आहे. पहिल्या भीतीवर उपाय शिस्तीचा. रांगेने, रस्त्याच्या डाव्या कडेने, दोघींनी शेजारी शेजारी न चालवता जावे. डोक्यावर हेल्मेट असावे. पुढे एक आणि मागे एक शिक्षक किंवा माजी विद्यार्थी असावा. सोबत प्रथमोपचाराची पेटी असलेले एक वाहन असावे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचावे. जंगलाच्या रस्त्यावर मोठ्याने गाणी वाजवू नयेत, खाण्याच्या पिशव्या टाकू नयेत, आडवाटेने अभयारण्यात शिरू नये. राहिला प्रश्न लोकांच्या बोलण्याचा. लोक त्या १९३४ सालीही बोलले होते. बाबासाहेबांनी त्यामुळे वेरूळला जाण्याचा बेत सोडला नाही.

काही पालक म्हणतात की, मुलांनी अभ्यास करावा, हिंडण्यात वेळ का घालवावा? आपल्या पोरांना दुसऱ्यांच्या पोरांपेक्षा दुप्पट मेहनत करावी लागते. हे खरे आहे, आणि ते ज्यांनी सोसले आहे त्यांच्यापुढे वाद घालणे आम्हांला शोभणार नाही. एवढेच नम्रपणे म्हणावेसे वाटते की, दुप्पट मेहनत करणाऱ्या मुलाला दुप्पट विसाव्याचीही गरज असते. विसावा ही चैन नाही. ज्या माणसाला नदीकाठी दोन घटका स्वस्थ बसता येत नाही, त्याला ध्यानाला बसविले तरी त्याचे मन कामाच्या मागेच धावणार. आणि चढावर दम लागलेला असताना मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे, आपल्या बाटलीतील पाणी त्याला देणे, त्याच्या सायकलचे पंक्चर आपण काढणे, या गोष्टींत मैत्री आणि करुणा यांचा जो पाठ मिळतो, तो प्रवचनाला पूरकच आहे. एकाच बाटलीचे पाणी बौद्ध, गोंड, कोलाम, बंजारा, मराठा, मुसलमान मुलांच्या तोंडाला लागते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येत नाही, हीच त्यातील मोठी मिळकत.

या निमित्ताने आम्ही विद्यालयापुढे एक प्रस्ताव ठेवीत आहोत. नववीच्या प्रत्येक तुकडीला, मुले आणि मुली दोघांनाही, वर्षावास संपल्यानंतरच्या पंधरवड्यात एक सायकल-सहल घडवावी. पहिल्या वर्षी इस्लापूर ते सहस्रकुंड एवढीच. ती नीट पार पडली की पुढच्या वर्षी एखाद्या जलाशयापर्यंत, एका मुक्कामाची. त्यासाठी वीस-पंचवीस साध्या सायकलींची गरज आहे. माजी विद्यार्थ्यांनी घरातील वापरात नसलेल्या सायकली द्याव्यात; त्या दुरुस्त करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. आवारातील एका खोलीत दुरुस्तीची हत्यारे ठेवावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने पंक्चर काढण्यास, चेन बसविण्यास, ब्रेक आवळण्यास शिकूनच नववी पार करावी. सोबत येण्यास आमच्यापैकी दहा जण दरवर्षी मोकळे राहतील, हे वचन या पानावर लिहून देत आहोत.

आणि काही वर्षांनी, मुलांचे पाय तयार झाले की, एक मोठी सहल करावी. नांदेडहून रेल्वेने पूर्वीच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास जावे आणि तेथून सायकलने वेरूळकडे निघावे. साधारण तीस किलोमीटरचा रस्ता आहे. त्याच्या मध्यावर दौलताबाद लागते, मग खुलदाबादकडे चढणारा घाट आणि शेवटी वेरूळचा उतार. तेथे पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात बुद्धमूर्तीसमोर बसून मुलांनी वंदना घ्यावी. दौलताबादला किल्ल्यापाशी सायकली लावून सर्वांनी उतरावे. १९३४ साली येथे काय घडले, ते एखाद्या विद्यार्थिनीने उभे राहून बाकीच्यांना वाचून दाखवावे. नंतर अंगावरची धूळ झटकावी, तोंड धुवावे, पोटभर पाणी प्यावे आणि किल्ला पाहावयास आत जावे.